पगाराऐवजी जमीन



आजचा विषय आपल्यापासून स्थळानं आणि काळानंही फार लांबचा आहे. रोमन साम्राज्याचा पश्चिम भाग कोसळल्यानंतर इसवी सन १००० पर्यंत युरोपात काय झालं, याबद्दल मी बोलणार आहे. शाळेच्या पुस्तकात या पाचशे वर्षांना दीड-दोन पानं मिळतात. तिथं रानटी टोळ्या येतात, अंधारयुग पसरतं, मध्येच शार्लमेन चमकून जातो आणि मग सरंजामशाही सुरू होते. ही नावं पाठ होतात, पण ती एकमेकांना कशानं बांधलेली आहेत हे कळत नाही. मला आज एकच सूत्र आपल्यापुढे ठेवायचं आहे. राजा आपल्या माणसांना मोबदला कशात देतो, हे पाहिलं की या काळातली माणसं आणि संस्था आपोआप जागेवर बसतात. रोमन सम्राट नाणं देत होता. त्याच्यानंतरचे राजे जमीन देऊ लागले. पुढचं सगळं त्यातून घडलं.

सुरुवात रोमपासून करू. सम्राट डायोक्लेशियन आणि कॉन्स्टंटाइन यांच्या काळापासून रोमची करव्यवस्था विलक्षण काटेकोर झाली होती. जमीन किती, कसणारे किती, याच्या नोंदवह्या गावोगाव होत्या. आकारणी पंधरा वर्षांच्या चक्रानं चालायची. हा पैसा आणि धान्य प्रामुख्यानं सैन्यावर खर्च होई. ऱ्हाइनच्या काठावरच्या शिपायाला ज्यातून वेतन मिळे तो कर कधी उत्तर आफ्रिकेतल्या शेतकऱ्यानं भरलेला असे. त्या दोघांची गाठ पडत नसे. मधलं सगळं सरकार करत असे.

आपण रोमच्या अंताची तारीख ४७६ सांगतो, कारण त्या वर्षी ओडोआकर या सेनानीनं रोम्युलस ऑगस्टुलस नावाच्या पोरवयाच्या सम्राटाला गादीवरून उतरवलं. पण खरा घाव त्याआधीच बसला होता. ४३९ मध्ये व्हँडलांनी उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज घेतलं आणि पश्चिमेचा सर्वांत श्रीमंत करदाता प्रांत हातातून गेला. कर गेला तसं सैन्याचं वेतन गेलं. वेतन थकल्यावर उरलेले प्रांत राखणार कोण? ४७६ मध्ये जे पडलं ते आतून पोखरलेलं होतं.

इटलीत ऑस्ट्रोगॉथांचा राजा थिओडोरिक यानं ४९३ ते ५२६ या काळात रोमन कारभार जवळजवळ होता तसा चालू ठेवला. कॅसिओडोरससारखा रोमन उमराव त्याचा पत्रव्यवहार लिहीत होता, कर गोळा होत होता, राव्हेन्नात इमारती उठत होत्या. म्हणजे नवे राजे आले की जुनी व्यवस्था त्याच दिवशी बुडाली, असं झालं नाही. गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, मात्र गोष्ट वेगळ्या वळणानं गेली.

तिथं क्लोव्हिस नावाचा फ्रँक टोळीचा तरुण राजा ४८१ च्या सुमारास गादीवर आला. ४८६ मध्ये त्यानं स्वासाँ इथं सियाग्रियस या शेवटच्या रोमन सत्ताधीशाला हरवलं. त्या वेळची एक हकिगत तूर शहराचा बिशप ग्रेगरी यानं पुढे शंभरेक वर्षांनी लिहून ठेवली आहे. लुटीत एका चर्चचं देखणं पात्र आलं होतं. बिशपनं ते परत मागितलं. क्लोव्हिसनं सैन्याला विनंती केली की माझ्या वाट्याखेरीज एवढं पात्र मला द्या. एका शिपायानं पुढं होऊन त्या पात्रावर कुऱ्हाड हाणली आणि चिठ्ठीत येईल तेवढंच तुला मिळेल, असं सुनावलं. राजा गप्प बसला. पुढच्या वर्षी शस्त्रं तपासताना त्यानं त्याच शिपायाची कुऱ्हाड जमिनीवर फेकली आणि तो उचलायला वाकला तसं त्याचं डोकं फोडलं. ही गोष्ट क्लोव्हिसच्या क्रौर्याची म्हणून सांगितली जाते. मला तिच्यात दुसरंच दिसतं. या राजाला लुटीतला एक जिन्नस जास्त हवा असेल तर सैन्याची परवानगी लागते. तो वेतन देणारा धनी नाही, वाटेकऱ्यांतला पहिला वाटेकरी आहे.

क्लोव्हिसनं पुढे रांसचा बिशप रेमिगियस याच्या हातून कॅथलिक पंथाची दीक्षा घेतली आणि गॉलमधल्या बिशपांना आपलंसं केलं. ५०७ मध्ये व्हुईयेच्या लढाईत त्यानं व्हिसिगॉथांना स्पेनच्या बाजूला रेटलं. ५११ मध्ये तो मेला, तेव्हा राज्य चार मुलांनी वाटून घेतलं. त्याच्या मेरोव्हिंजियन घराण्यात राज्य ही वडिलोपार्जित मालमत्ता होती आणि ती भावाभावांत वाटली जाई. त्याच्याच काळातल्या मानल्या जाणाऱ्या सॅलिक कायद्यातही राज्य व्यक्तींच्या नात्यांवर उभं असल्याचं दिसतं. खुनाची भरपाई तिथं सोन्याच्या नाण्यांत ठरलेली आहे. तिचं नाव वेरगिल्ड. स्वतंत्र फ्रँक मारला तर २०० सॉलिडस, रोमन जमीनदार मारला तर १००, आणि राजाच्या खास पथकातला माणूस मारला तर ६००. माणसाचं मोल राजाशी किती जवळीक आहे यावर ठरत होतं.

आता कराकडे येऊ. गॉलमध्ये रोमन करवह्या सहाव्या शतकातही होत्या. पण सैन्याला वेतन द्यायचंच नव्हतं, कारण फ्रँक योद्ध्यांना आता जमिनी मिळाल्या होत्या. मग कर कशासाठी? लोकांना तो राजाच्या चैनीसाठीचा जुलूम वाटू लागला, आणि राजांनाही त्यासाठी झगडण्याचं कारण उरलं नाही. ५७९ मध्ये चिल्पेरिक राजानं नव्या वह्या करवल्या, तेव्हा लिमोज शहरात दंगल झाली. जमावानं वह्या जाळल्या आणि अधिकारी मार्कस याचा जीव तिथल्या बिशपमुळे कसाबसा वाचला. पुढच्याच वर्षी साथ आली. राजाची मुलं आजारी पडली. राणी फ्रेडेगुंड राजाला म्हणाली की हा गरिबांचा तळतळाट आहे, आणि तिनं आपल्या शहरांच्या करवह्या आगीत टाकल्या. राजा घुटमळला, पण शेवटी त्यानंही आपल्या टाकल्या. मुलं वाचली नाहीत. ग्रेगरी हे सगळं पुण्यकर्म म्हणून नोंदवतो. त्याच्या स्वतःच्या तूर शहरात वसुली अधिकारी आले तेव्हा शहराचा पालक संत मार्टिन याच्या कोपाची आठवण देऊन त्यानं त्यांना परत पाठवलं आणि शहराला माफी मिळवून दिली.

ग्रेगरी भला माणूस होता आणि त्या वेळचा करदाता गांजलेला होता, यात शंका नाही. पण या जळत्या वह्यांबरोबर राज्याचं दरवर्षी भरणारं भांडार जळत होतं, हेही खरं. आता राजाकडे उरली ती स्वतःची खासगी जमीन, जंगलं, जकाती, दंड आणि लूट. चिल्पेरिक कुरकुरत असे की आमची तिजोरी रिकामी आणि संपत्ती सगळी चर्चकडे, खरं राज्य बिशपच करतात. ग्रेगरीला ही निंदा वाटली. आज वाचताना ती हिशेबनिसाची तक्रार वाटते.

जमिनीचा गुण असा की ती एकदाच देता येते. नाणं दिलं तर पुढच्या वर्षी कर येतो आणि पुन्हा देता येतं. जमीन दिली की तिचं उत्पन्न घेणाऱ्याच्या घरी जातं, आणि त्याच्या मुलाला ती आपलीच वाटते. बियाणं विकून घर चालवणाऱ्या शेतकऱ्यासारखी या राजांची गत झाली. चर्चला दिलेल्या जमिनीबरोबर बहुधा आणखी एक सवलत जाई. राजाच्या अधिकाऱ्यानं त्या जमिनीवर पाऊल ठेवायचं नाही, वसुली करायची नाही, न्याय करायचा नाही. या मुक्ततेला इम्युनिटी म्हणत. ६१४ मध्ये पॅरिसच्या फर्मानात फ्रँक राजा क्लोथार दुसरा यानं मान्य केलं की एका प्रदेशात बाहेरचा माणूस न्यायाधीश म्हणून नेमायचा नाही. हेतू चांगला होता. अधिकाऱ्यानं अन्याय केला तर त्याच्या स्थानिक मालमत्तेतून भरपाई घेता यावी. परिणाम मात्र असा झाला की अधिकार त्याच मुलखातल्या मोठ्या जमीनदाराच्या घरात गेला.

मेरोव्हिंजियन राजे यातून रोडावत गेले. राजवाड्याचा कारभारी, ज्याला मेयर ऑफ द पॅलेस म्हणतात, तो त्यांच्या डोक्यावर बसला. शार्लमेनचा चरित्रकार आइनहार्ड शेवटच्या राजांचं चित्र काढतो. लांब केस, लांब दाढी, नावापुरती गादी, उत्पन्नाची एकच जहागीर, आणि प्रवासाला बैलगाडी. हे चित्र नव्या घराण्याच्या सोयीचं आहे, म्हणून जपून वाचावं. पण जमीन ज्याच्या हाती त्याच्याकडे माणसं, हा त्यातला मुद्दा खरा आहे. ६८७ मध्ये तेर्त्रीच्या लढाईत कारभारी पेपिन जिंकला आणि त्याच्या घराण्याची पकड बसली. त्याचा मुलगा चार्ल्स मार्टेल ७३२ च्या पॉइटियर्सच्या लढाईमुळे प्रसिद्ध आहे. तिथं त्यानं स्पेनमधून आलेल्या मुसलमान फौजेला अडवलं. आपल्या सूत्राच्या दृष्टीनं त्याचं दुसरं काम जास्त महत्त्वाचं आहे. वाटायला राजाची जमीन पुरेना, तेव्हा त्यानं चर्चच्या जमिनी आपल्या योद्ध्यांना दिल्या. मठ हे कधी विसरले नाहीत. शतकभरानंतर रांसचा आर्चबिशप हिंकमार यानं एक कथा पसरवली. एका संताला दृष्टांतात चार्ल्स नरकात दिसला, त्याची कबर उघडली तेव्हा आतून सर्प निघाला आणि आतली बाजू काळीठिक्कर पडली होती.

७४३ मध्ये मार्टेलच्या मुलानं तडजोड काढली. जमीन चर्चचीच, पण राजाच्या सांगण्यावरून ती योद्ध्याकडे राहील, आणि तो दर कुटुंबामागं वर्षाला एक सॉलिडस, म्हणजे १२ चांदीचे दिनार, चर्चला देईल. अशा जमिनीला बेनेफिस म्हणत. ती सेवेच्या मोबदल्यात, हयातीपुरती असे. ७५१ मध्ये मार्टेलचा दुसरा मुलगा पेपिन द शॉर्ट यानं पोप झकारिया याचा कौल घेतला की सत्ता ज्याच्याकडे तोच राजा असावा. मग शेवटच्या मेरोव्हिंजियन राजाचे केस कापून त्याला मठात धाडलं.

याच शतकातलं एक नमुनापत्र तूरच्या दस्तऐवजांत आहे. अन्नवस्त्राची सोय नसलेला एक स्वतंत्र माणूस एका मोठ्या माणसाकडे जातो आणि त्याच्या आश्रयाखाली राहायचं कबूल करतो. धन्यानं त्याला पोसायचं, त्यानं हयातभर धन्याची सेवा करायची, पण स्वतंत्र माणसाच्या इज्जतीनं. कुणी मागं सरलं तर दंड. याला कमेंडेशन म्हणत. ही रीत खालच्या माणसापासून वरच्यापर्यंत चढली. फ्रँक इतिवृत्तं सांगतात की ७५७ मध्ये बव्हेरियाचा ड्यूक टासिलो यानं पेपिनच्या हातात हात देऊन शपथ घेतली आणि तो त्याचा व्हॅसल, म्हणजे शपथबद्ध आश्रित, झाला. ७८८ मध्ये पेपिनचा मुलगा शार्लमेन यानं तीच शपथ मोडल्याचा आरोप ठेवून त्याचं राज्य खालसा केलं.

शार्लमेन, कारकीर्द ७६८ ते ८१४. मोठा राजा, यात वाद नाही. ७७४ मध्ये त्यानं इटलीतलं लाँबार्ड राज्य घेतलं. ७७२ ते ८०४ अशी तेहेतीस वर्षं सॅक्सनांशी लढाई चालली. ७८२ मध्ये व्हेर्डेन इथं ४५०० सॅक्सन मारल्याची नोंद त्याच्याच दरबारी इतिवृत्तात आहे. ८०० सालच्या नाताळला रोममध्ये पोप लिओ तिसरा यानं त्याला सम्राट म्हणून मुकुट घातला. हे साम्राज्य चालत होतं कशावर? ब्रिटिश इतिहासकार टिमोथी रॉयटर यानं १९८५ मध्ये एका निबंधात उत्तर दिलं की लुटीवर आणि खंडणीवर. जवळजवळ दर उन्हाळ्यात सैन्य निघायचं. ७९६ मध्ये डॅन्यूबच्या खोऱ्यात आव्हारांचा खजिना हाती लागला. एका इंग्रज इतिवृत्तानुसार तो वाहायला प्रत्येकी चार बैलांचे पंधरा गाडे लागले. आइनहार्ड म्हणतो की या युद्धाइतके फ्रँक दुसऱ्या कुठल्याच युद्धानं श्रीमंत झाले नाहीत. नवी जमीन येत होती तोवर जुनी दिली तरी चालत होतं.

शार्लमेनला या व्यवस्थेची कमजोरी ठाऊक होती. प्रांत सांभाळणारे काउंट जागेवरच मुजोर होतात, म्हणून तो मिसी नावाचे फिरते तपासनीस पाठवी. बहुतेक वेळा एक काउंट आणि एक बिशप किंवा मठाधिपती, अशी जोडी. ८०२ मध्ये त्यानं त्यात बदल केला. लॉर्शच्या मठातलं इतिवृत्त सांगतं की गरीब सरदार लाच घेतील म्हणून त्यानं आर्चबिशप, ड्यूक, काउंट असे गडगंज लोक नेमले. वेतन देता येत नसेल तर ज्याला वेतनाची गरज नाही असाच अधिकारी शोधावा लागतो. पण ज्याला गरज नाही तो ऐकतोही कमी. त्याच वर्षी बारा वर्षांवरच्या सगळ्या पुरुषांकडून सम्राटाशी निष्ठेची शपथ घेण्यात आली. ८०८ च्या आदेशात सैन्यभरतीचं गणित आहे. चार मान्स, म्हणजे चार शेतकरी-वहिवाटी, ज्याच्याकडे आहेत त्यानं स्वतः लढायला यायचं, कमी असेल त्यानं दुसऱ्याबरोबर मिळून एक माणूस पाठवायचा. राजाच्या शेतवाड्यांसाठीचा आदेशही आहे. नाताळला हिशेब द्या, खारवलेलं मांस आणि दारू करताना हात स्वच्छ ठेवा, द्राक्षं पायानं तुडवू नका. एवढं बारीक लक्ष का? कारण दरबार त्याच शेतवाड्यांवर जेवत होता.

यॉर्कहून आलेला आल्क्विन आणि त्याचे सहकारी याच दरबारात होते. आज आपण लॅटिन साहित्य वाचतो त्यातलं बरंचसं त्या काळच्या मठांतल्या नकलांमुळे टिकलं आहे. त्यांनी रूढ केलेली गोल, सुटी, वाचायला सोपी लिपी आजच्या छापील रोमन लहान अक्षरांची पूर्वज आहे. हा या काळाचा टिकाऊ वारसा आहे. ही पुस्तकं कातड्यावर लिहीत, कातडं कळपांतून येई आणि कळप मठाच्या जमिनीवर चरत. चर्चची जमीन वारसांत वाटली जात नव्हती, म्हणून तिथं संचय होऊ शकला. राजाची वाटली जात होती, म्हणून तिथं झाला नाही.

शार्लमेननंतर मुलगा लुई आला. मोहिमा थांबल्या, कारण जवळचं आणि लुटण्याजोगं सगळं जिंकून झालं होतं. वाटप मात्र थांबेना. त्याचा चरित्रकार थेगान सांगतो की वाडवडलांपासून चालत आलेल्या राजाच्या शेतवाड्या लुईनं आपल्या माणसांना कायमच्या देऊन टाकल्या. ८३३ मध्ये कोलमारजवळ मुलांशी सामना होण्याआधीच त्याचं सैन्य रातोरात पलीकडे गेलं. त्या माळाला पुढे असत्याचं मैदान म्हणू लागले. लुईच्या मृत्यूनंतर ८४१ मध्ये फोंतनोआ इथं भाऊ भावांशी लढले. ८४३ मध्ये व्हर्दनचा तह होऊन साम्राज्याचे तीन तुकडे झाले. समान वाटणीसाठी शंभराहून अधिक सरदार बसवले, तेव्हा कळलं की साम्राज्य एकूण किती आहे हे कुणालाच नीट ठाऊक नाही.

या भांडणाचा सर्वांत जाणता साक्षीदार नितार्ड. शार्लमेनचा नातू, स्वतः योद्धा, आणि लेखक. त्यानं दोष एका दरबाऱ्यावर, आदलहार्डवर ठेवला. या माणसानं सार्वजनिक मालमत्ता खासगी वापरासाठी वाटायला लावली आणि राज्य धुळीला मिळवलं, असा त्याचा आरोप. एका माणसानं राज्य बुडत नाही. पण रोग कोणता, हे त्या काळातल्या माणसाला दिसत होतं.

याच वर्षांतली दुसरी लेखणी एका बाईची आहे. दुओदा, सरदार बर्नार्डची बायको, दक्षिण फ्रान्समधल्या युझेस इथं राहणारी. नवऱ्यानं चौदा वर्षांचा थोरला मुलगा विल्यम निष्ठेचा जामीन म्हणून लुईचा मुलगा राजा चार्ल्स द बॉल्ड याच्याकडे ठेवला. तान्हा धाकटा तर त्याचं नाव तिला कळण्याआधीच नेला. ८४१ ते ८४३ या काळात तिनं विल्यमसाठी एक पुस्तक लिहिलं. देवाची भक्ती कर, वडलांना मान दे, राजाशी इमान राख, पूर्वजांसाठी प्रार्थना कर. कर्तव्यांचा क्रम ती मन लावून सांगते. पण बाप आणि राजाच विरुद्ध गेले तर मुलानं काय करावं? ८४४ मध्ये राजानं बर्नार्डचा शिरच्छेद केला. बापाची बाजू घेतलेला विल्यम ८५० मध्ये मारला गेला. जमीन आणि निष्ठा एकाच हातानं वाटल्या जातात तिथं हे अटळ असतं.

आणि हे सगळं पेलत कोण होतं? पॅरिसजवळच्या सॅं-जर्मां-दे-प्रे मठाचा प्रमुख इर्मिनो यानं नवव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत आपल्या जमिनींची नोंदवही करवली. अशा नोंदीला पॉलिप्टिक म्हणतात. तिच्यात बोदो नावाचा कुळवाडी आहे, बायको एर्मेंत्रूद आणि तीन मुलं. १९२४ मध्ये आयलीन पॉवर या इतिहासकार बाईंनी आपल्या पुस्तकात बोदोला अमर केलं. बोदो दरवर्षी सैन्यासाठी दोन शिलिंग चांदी देतो, रानात डुकरं चारायला मिळावीत म्हणून वाइन देतो, तिसऱ्या वर्षी शंभर फळ्या देतो. दर आठवड्याला मठाच्या शेतावर ठरलेली वेठ करतो. वर तीन कोंबड्या आणि पंधरा अंडी. रोमन काळात त्याच्या पूर्वजानं भरलेला कर सम्राटाकडे जाई. आता बोदोचा सगळा बोजा समोरच्याच मालकाकडे थांबतो. त्या मालकावर कुणाचा वचक नसेल तर बोदोनं दाद मागायची कुणाकडे?

त्यात व्हायकिंगांचे हल्ले आले. ८४५ मध्ये त्यांनी पॅरिस गाठलं आणि ७००० पौंड चांदी घेऊन गेले. ८६४ मध्ये चार्ल्स द बॉल्डनं पीत्र इथं आदेश काढला की परवानगीशिवाय बांधलेले किल्ले पाडा. तो आदेशच सांगतो की ते बांधले जात होते. ८७७ मध्ये इटलीच्या मोहिमेवर निघताना केर्झी इथं त्यानं मान्य केलं की मोहिमेत असताना काउंट मेला तर त्याच्या मुलाचा हक्क धरला जाईल. ही तात्पुरती सोय होती. पण पद वारशानं जातं, ही समजूत आधीपासून रुजलेलीच होती, तिला राजाचा शिक्का मिळाला. त्याच वर्षी परतताना चार्ल्स आल्प्समध्ये मेला. ९८७ मध्ये ह्यू कापे फ्रान्सचा राजा झाला, तेव्हा त्याची खरी सत्ता पॅरिस आणि ओर्लेआँच्या आसपासच्या जमिनीपुरती होती.

हे सगळ्यांच्याच नशिबी होतं का? नाही. कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटांनी जमिनीवरचा कर सोडला नाही, त्यांचं सोन्याचं नाणं अकराव्या शतकापर्यंत बरंचसं खरं राहिलं आणि त्यांचं राज्य १४५३ पर्यंत टिकलं. इंग्लंडचं उदाहरण आणखी बोलकं आहे. वेसेक्सचा राजा अल्फ्रेड यानं ८७८ मध्ये डेन व्हायकिंगांना हरवल्यावर तटबंदीची गावं उभी केली आणि हाइड या जमीनमापावर शिबंदीचा हिशेब बसवला. ९९१ मध्ये डेनांना द्यायला १०,००० पौंड जमवले गेले. शत्रूला द्यायला शिकलेली ही वसुली पुढे राजाच्या स्वतःच्या फौजेसाठी दरसाल होऊ लागली. १०८६ मध्ये इंग्लंडचा नॉर्मन राजा विल्यम यानं डूम्सडे बुक ही जमिनींची नोंदवही करवली, तेव्हा गावोगाव करमापाची नोंद आधीच होती. चार्ल्स द बॉल्डनंही व्हायकिंगांसाठी दर मान्समागं दिनार वसूल केले होते. पण तिकडे ती सवय जडली नाही. संकट एकच होतं. एका राज्यानं त्यातून वहीखातं कमावलं, दुसऱ्यानं किल्ले.

एक सावधानता सांगितली पाहिजे. मी सांगितलं ते ऐकून नवव्या शतकात राजा, सरदार, उपसरदार, कुळवाडी अशी नीटस उतरंड होती, असं कुणी समजू नये. मार्क ब्लॉक यानं १९३९-४० मध्ये सरंजामी समाजावर ग्रंथ लिहिला, तो आजही वाचावा असा आहे. हा थोर इतिहासकार १९४४ मध्ये नाझींच्या गोळ्यांना बळी पडला. पण १९९४ मध्ये सुझन रेनॉल्ड्स यांनी दाखवलं की ती नेटकी उतरंड बरीचशी नंतरच्या कायदेपंडितांनी रचलेली आहे. प्रत्यक्षात शपथा अनेक प्रकारच्या होत्या आणि जमिनीचे हक्क गोंधळाचे. कर ते जमीन हे स्थित्यंतर मात्र टिकून आहे. क्रिस विकम यांनी २००५ च्या आपल्या मोठ्या ग्रंथात त्यालाच मध्यवर्ती मानलं आहे.

आपल्याकडच्या इतिहासाशी याचा संबंध जोडण्याचा मोह कुणालाही होईल. तो संबंध जोडणारे मोठे लोक होऊनही गेले. गोव्यात जन्मलेले आणि पुण्यात राहिलेले दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९५६ मध्ये भारतातल्या सरंजामशाहीची वरून आलेली आणि खालून आलेली अशी विभागणी केली. रामशरण शर्मा यांनी १९६५ मध्ये भूदानांच्या ताम्रपटांवरून ती मांडणी वाढवली. हरबंस मुखिया यांनी १९७९ मध्ये तिला आव्हान दिलं. मराठी माणसाला तर हा प्रश्न घरचाच. शिवाजी महाराज शिपायाला गाव लावून न देता सरकारी खजिन्यातून पैसा देण्याचा आग्रह धरत, असं सभासद आपल्या बखरीत सांगतो. राजारामांच्या काळात मोगलांशी झुंजताना इनामं आणि सरंजाम पुन्हा सुटले. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात वतनदारांबद्दल दिलेला इशारा नितार्डला चटकन पटला असता. फरकही सांगायला हवा. आपल्याकडे सरंजाम बहुतांशी महसुलाचा होता. गावच्या महसुलाची मोजणी, जमाबंदी आणि नाण्यातला हिशेब कधी पुरता बंद पडला नाही. गॉलमध्ये मोजणीच बंद पडली. म्हणून आपल्याकडे दप्तरं उरली आणि तिकडे मठांच्या नोंदवह्या.

राजे वाईट होते म्हणून ही राज्यं मोडली, असं मी म्हणत नाही. क्लोव्हिस क्रूर होता, शार्लमेन कर्तबगार होता, लुई भाविक होता, चार्ल्स द बॉल्ड हुशार होता. चौघांनाही एकाच हिशेबानं बांधून ठेवलं. ज्या राज्याला आपल्या माणसांचं वेतन दरसाल नव्यानं देता येत नाही ते राज्य आपला अधिकार तुकड्यातुकड्यानं विकत असतं, आणि घेणारा तो परत करत नाही. इतिहास वाचणाऱ्या तरुणांना माझी एकच विनंती आहे. कुठल्याही काळातला राजा समोर आला की त्याच्या लढाया मोजण्याआधी त्याची करवही शोधा. ती सापडली नाही, तर जमिनी कुणाला गेल्या ते शोधा. राज्य कुणाचं होतं, याचं उत्तर तिथं मिळेल.